एलिझाबेथच्या परकराचा चिखल

मी हौशी नाटकांचा कपडेपट सांभाळते. त्यामुळे जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतली चित्रं बघताना माझी नजर आधी बाह्या आणि कंबरेवर जाते.

जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ची. लंडनचा प्रकाशक बेंटले याने १८३३मध्ये ती सचित्र काढली, चित्रं फर्डिनांड पिकरिंगची. त्यातल्या एकात लेडी कॅथरीन नायिका एलिझाबेथला दरडावून विचारते आहे, माझ्या भाच्याने तुला मागणी घातली का? प्रसंग कादंबरीतलाच, पण बाह्या टम्म फुगलेल्या आणि झगा घेरदार, म्हणजे थेट १८३३ची फॅशन! ऑस्टिनच्या काळी कंबर छातीच्या लगेच खाली असायची आणि पातळ मलमल तिथून सरळ पायांपर्यंत उतरायची.

कादंबरीकार ठॅकरेने तर हे ठरवून केलं. त्याची 'व्हॅनिटी फेअर' वॉटर्लूच्या लढाईच्या काळातली, छापली गेली १८४७-४८मध्ये, आणि चित्रं त्याने स्वतःच काढली. तळटीपेत तो म्हणतो, त्या काळचे कपडे इतके कुरूप होते की माझ्या पात्रांना ते घालायला मन होत नाही. म्हणून आजचे घातलेत.

मला हे मुळीच पटत नाही. एलिझाबेथ आजारी बहीण जेनसाठी तीन मैल चिखल तुडवत बिंगलेच्या घरी, नेदरफील्डला जाते. तिचा परकर सहा इंच चिखलाने भरलाय यावर बिंगलेच्या बहिणी तोंडसुख घेतात, आणि लेडी कॅथरीनचा भाचा डार्सी म्हणतो, चालण्याने तिचे डोळे अधिक चमकत होते. लग्न ठरल्याशिवाय मुलामुलींनी एकमेकांना पत्र लिहिणंही जिथे गैर होतं, तिथे प्रेमाला नजरेचाच आधार. त्या हलक्या, सरळ झग्यात चाल दिसते, धाप दिसते. फुगवलेल्या कपड्यांत ती सगळी झाकली जाते.

चित्रकार ह्यू थॉमसनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या १८९४च्या आवृत्तीचं सोनेरी मोराचं मुखपृष्ठ पुष्कळांचं लाडकं आहे. माझा जीव मात्र चार्ल्स ब्रॉकवर. १८९५मध्ये मॅकमिलनसाठी त्याने या कादंबरीची ४० चित्रं काढली. केंब्रिजच्या स्टुडिओत ब्रॉक भावांनी जुने कपडे आणि सामान जमवलं होतं. घरच्याच माणसांना ते कपडे घालून उभं करायचे. म्हणूनच त्याच्या मुली वळल्या की कापडही त्यांच्याबरोबर वळतं.

झगे शिवायची वेळ आली की आमच्या शिंपीकाकांपुढे मी ब्रॉकचीच पानं ठेवते. छातीखालची शिवण कुठे बसवायची, हे त्यांना त्यावरून लगेच कळतं.