काका, हात सोडा

हरिहर गडाच्या कातळातल्या पायऱ्या मी दोनदा चढलोय, त्यामुळे कातळाशी आपली ओळख आहे असा माझा समज होता. (दोन्ही वेळा रविवार होता आणि तासभर रीलवाल्यांच्या मागे रांगेत उभा होतो. त्याला चढाई म्हणायचं की रेशनची लाइन, तुम्हीच ठरवा.) त्याच गडाचा स्कॉटिश कडा १९८६ साली ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉटने सर केला, हे तर मी पाहुण्यांना अशा थाटात सांगायचो, जणू खाली दोर मीच धरला होता.

तर जानेवारीतल्या एका शनिवारी त्र्यंबक रोडने अंजनेरी, दोर लावून कातळ चढायला. थंडी, चहा, ओळखपाळख हे सगळं सोडून देतो. पायथ्यापासून थोडं वर चाळीसेक फुटांचा कातळ. दोर वर कातळात पक्क्या केलेल्या अँकरमधून ओवून खाली आणलेला. एक टोक आठाच्या गाठीने माझ्या कमरेच्या हार्नेसला, दुसरी बाजू बिले देणाऱ्याच्या, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याच्या हातात. माझ्या वाट्याला आलेली बिलेवाली कॉलेजातली पोरगी, वजन फार तर अठ्ठेचाळीस किलो. मी ब्याऐंशी. तिने स्वतःला एका पट्ट्याने मागच्या धोंड्याला बांधून घेतलं.

"तुम्ही पडलात तर मी वर उचलली जाईन ना काका, म्हणून."

काका! त्रेचाळिसाव्या वर्षी!

भाड्याच्या शूजमध्ये बोटं दुमडून कोंबलेली. आपला बेसाल्ट लांबून अभेद्य दिसतो, पण पकड आधी बुक्कीने ठोकून बघावी लागते. पोकळ वाजली की तिच्या वाटेला जायचं नाही. मी हातांनीच स्वतःला ओढत राहिलो, म्हणून अर्ध्यातच मनगटाच्या वरचा भाग दगड झाला. खालून दहा जणांचे दहा सल्ले. एकदोनदा पाय सटकला, पण पोचलो. अँकरला हात लावला, टाळ्याही पडल्या.

आणि तिथेच अडकलो. उतरायचं म्हणजे दोन्ही हात सोडून दोरावर मागे रेलायचं. चढताना नव्हती एवढी भीती तेव्हा वाटली. "मी आपला चढलो तसाच उतरतो," असंही म्हणून पाहिलं. उजवा गुडघा लटलटत होता. खाली कोणीतरी हसलं, त्याचा राग अजून आहे.

"काका, हात सोडा. खुर्चीत बसता तसे बसा."

मी मान वळवून खाली पाहिलं. तिच्या नाकावर माशी बसली होती. डाव्या हाताने सहज उडवता आली असती, पण तिने दोन्ही हात दोरावरच ठेवले आणि नाक खांद्याला घासलं. माशी परत आली, तिने परत घासलं. उजवी मूठ मांडीशी घट्ट आवळलेली, नजर माझ्यावर. हे किती वेळ चाललं असेल? पाच मिनिटं? दहा?

मी हात सोडले.

खाली आल्यावर गाठ सुटेना, बोटं ऐकत नव्हती. तिनेच सोडवली. उगाच ऐटीत विचारलं, "मी खरंच पडलो असतो तर?"

"पडलात की," ती दोर गुंडाळत म्हणाली. "दोनदा."