डिकीतल्या ॲम्पचं अर्थिंग: ०.६४ व्होल्टपासून ०.०८ पर्यंत

चार चॅनलचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) दरवाजातल्या स्पीकरना, मोनो ॲम्प दहा इंची वूफरला. दोन्ही डिकीत, मागच्या सीटच्या पाठीला फळी लावून त्यावर. बसवून दोन महिने झाले तरी मनासारखं एकही गाणं ऐकून झालं नव्हतं. इंजिन चालू केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची, रेस दिली की चढायची, पाय काढला की उतरायची. सी लिंकवर काचा लावून ख्याल ऐकायला घ्यावा, तर तंबोऱ्याच्या आधी ती शिट्टीच कानात शिरायची.

भेटेल तो सांगत होता, ग्राउंड लूप आयसोलेटर लाव (केबलच्या मधे बसणारी, शिट्टी अडवणारी डबी), शंभरदोनशेचा प्रश्न आहे. मला ते पटत नव्हतं. त्या डबीत बारीक ट्रान्सफॉर्मर असतात आणि स्वस्तातले असले तर खालचा बास खातात. शिवाय शिट्टी बंद झाली तरी तिचं कारण गाडीत तसंच राहतं. ते कारण मला बघायचं होतं.

मे महिना, पहिला शनिवार

सुरुवात ॲम्पपासून केली. आरसीए केबल, म्हणजे डेकमधून (डॅशबोर्डातल्या स्टिरिओतून) ॲम्पकडे गाणं आणणारी वायर, ॲम्पमधून उपटली, इंजिन चालू ठेवलं: शिट्टी गायब. मग मोबाइल, चार्जरला न लावता, थेट ॲम्पच्या आरसीएला जोडला: गाणं स्वच्छ, शिट्टी नाही. म्हणजे ॲम्प चांगला, स्पीकर चांगले. डेक जोडला की शिट्टी परत हजर.

याचा अर्थ आपल्यातल्या बहुतेकांना माहीत असेल, तरी मांडतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. डेकचं अर्थिंग, म्हणजे निगेटिव्हचा गाडीच्या पत्र्याशी जोड, डॅशबोर्डमागे, ॲम्पचं डिकीत. दोघांना जोडणारी तिसरी वाट म्हणजे आरसीएची बाहेरची जाळी. अल्टरनेटर तीन फेजची एसी बनवतो, आतले डायोड तिची डीसी करतात, पण ती पूर्ण सपाट नसते, तिच्यावर लहरी असतात. या लहरींचा करंट खराब जोडातून परतायला लागला की डेकचा अर्थ आणि ॲम्पचा अर्थ यांच्यात थोडासा व्होल्टेजचा फरक पडतो आणि ॲम्पला तो फरक गाण्याचाच भाग वाटतो. इंजिनचे फेरे वाढले की लहरींची फ्रिक्वेन्सी वाढते, म्हणून शिट्टीचा सूर चढतो.

तेव्हा खराब जोड शोधायचा. त्यासाठी मीटर ओहमवर ठेवून उपयोग नाही. माझा मीटर बॅटरीच्या निगेटिव्हपासून ॲम्पच्या निगेटिव्हपर्यंत ०.३ ओहम दाखवत होता, आणि नुसते दोन प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.३ च. तो प्रोबच्या वायरचाच रेझिस्टन्स. इथे शोधायचाय तो याच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाचा, आणि तो करंट वाहत असतानाच दिसतो.

मग असं केलं: ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावला, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर पॉझिटिव्ह केबलला अडकवला आणि ३० अँपिअर दिसेपर्यंत आवाज वाढवला. इंजिन बंद. टोन एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, बॅटरीही उतरते आणि वूफरही तापतो. बॅटरीच्या निगेटिव्हला सहा मीटर साधी बारीक वायर बांधून ती खिडकीतून डिकीपर्यंत आणली. मीटरमधून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे ही वायर बारीक असली तरी चालते. बाबा पुढे बसून डेकचं बटण सांभाळत होते. बेस्टच्या डेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून त्यांची नोकरी झाली, अशा कामाला ते नाही म्हणत नाहीत.

ॲम्पचा निगेटिव्ह ते बॅटरीचा निगेटिव्ह: ०.६४ व्होल्ट. ०.१ च्या आत हवं. भागिले ३० म्हणजे २१ मिलिओहम.

एवढ्यावर थांबू नका, वाटेचे तुकडे करून मोजा. मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथे. ॲम्पच्या टर्मिनलपासून अर्थच्या लगपर्यंत (वायरीच्या टोकाची, बोल्टखाली दाबायची धातूची कडी) ०.०५. लगपासून शेजारी खरवडलेल्या पत्र्यापर्यंत ०.१९. तिथून पुढे बॅटरीजवळच्या पत्र्यापर्यंत, म्हणजे अख्खी गाडी, फक्त ०.०२. आणि त्या पत्र्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.३८!

आम्ही सगळे डिकीतल्या स्क्रूकडे बघत असतो, पण माझा अर्ध्याहून जास्त घोळ बोनेटखाली होता. अख्ख्या बॉडीत ०.०२ पडतो, आणि बॅटरीला बॉडीशी जोडणाऱ्या हातभर वायरीत ०.३८.

बाबा मागे आले, लगला बोट लावलं आणि चटकन काढलं. म्हणाले, "अरे, तापलाय हा. जिथे तापतं तिथे जोड नाही, हे आधी बघायचं." हिशेब केला: ०.१९ गुणिले ३०, म्हणजे पावणेसहा वॅट त्या एका स्क्रूखाली जळत होते.

दुसऱ्या दिवशी, रविवार: डिकी

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली, दहा नंबरच्या पान्याने. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, म्हणून हा क्रम.

जुनं अर्थिंग उघडलं. एक सेल्फ टॅपिंग स्क्रू चाकाच्या वरच्या पत्र्यात, त्याच्यावर तीन लग एकावर एक, आणि खाली गाडीचा रंग तसाच. कडेला रंग जिथे उडाला होता तेवढ्याच नखाएवढ्या जागेतून सगळा करंट जात होता. बसवणाऱ्याने घाई केली. वायरही कापून पाहिली: ब्लेडने तार खरवडली तर आत चंदेरी. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तशी वायर वापरू नये असं मी म्हणत नाही, पण तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, त्यामुळे एक माप जाड घ्यावी लागते. इथे ती पॉझिटिव्हपेक्षाही बारीक होती.

नवी जागा निवडायला वेळ घेतला. सीट बेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही, कितीही सोयीचा दिसला तरी. अपघातात माणूस त्याच बोल्टवर लटकलेला असतो. स्टेपनीच्या खड्ड्याच्या कडेला जाड, दुहेरी पत्रा सापडला. गाडीखाली शिरून टॉर्चने बघितलं: पेट्रोलची टाकी पुढे आहे, ब्रेकचा पाइप तिथून जात नाही. मगच ड्रिल.

खरवडायला एमरी पेपर. आधी गाडीचा रंग गेला, खाली राखाडी प्रायमर, त्याखाली पत्रा आधी मळकट आणि मग एकदम आरशासारखा. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी जागा मोकळी केली. लग थेट पत्र्यावर, त्यावर दात्यांचा स्टार वायसर, ८ एमएमचा आरपार बोल्ट, खालून नट. वायसर लगच्या खाली घालणारेही आहेत. मला लगची पूर्ण पाठ पत्र्याला चिकटलेली हवी वाटते. घट्ट केल्यावर वरून आणि खालून रेड ऑक्साइड, ते वाळलं की ग्रीस. रंग जोडाच्या आत नको, पण जोडावरून हवाच, नाहीतर माहीमच्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो.

दोन्ही ॲम्पचे अर्थ आता त्याच एका बोल्टवर, वायर ४० सेंटिमीटर. रीडिंग: ॲम्प ते लग ०.०२, लग ते पत्रा ०.०१. एकूण ०.६४ चं ०.४३ झालं. शिट्टी कमी झाली, गेली नाही.

पुढचा शनिवार: लोहार चाळ आणि बोनेट

ऑडिओच्या दुकानात केबल गेजमध्ये मागतात, लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, स्क्वेअर एमएममध्ये. ४ गेज म्हणजे साधारण २१ स्क्वेअर एमएम, म्हणून २५ ची लवचिक तांब्याची वेल्डिंग केबल घेतली. लगवर २५-८ असा ठसा असतो: २५ ची केबल, ८ चा बोल्ट. कथिलाचा मुलामा असलेलेच घ्या, उघडं तांबं दमट हवेत हिरवं पडतं. दुकानदाराने हायड्रॉलिक क्रिंपरने लग दाबून दिले. पक्कडीने चेपलेला लग आणि हा लग यांत किती फरक आहे ते हातात धरून ओढलं की कळतं.

बॅटरीचा ट्रे काढला. त्याच्याखाली बॉडीला जाणाऱ्या निगेटिव्हचा बोल्ट, त्यावर पांढरी-हिरवी भुकटी. बारा नंबरचा पाना लावला तर बोल्ट करकरत सुटला आणि लगखालचा पत्रा तपकिरी, पापुद्रे धरलेला निघाला. वायरीचं रबर टोकाला चिरलं. आतलं तांबं पिवळसर लाल असायला हवं, ते काळं पडलेलं. कापत मागे गेलो, तर वीतभर आतपर्यंत काळंच. गाडी कम्पाउंडमध्ये उघड्यावर असते, समुद्र दहा मिनिटांवर. खारी ओल तारांच्या फटीतून आत चढत गेली होती, आणि बाहेरून वायर अगदी नवी दिसत होती.

जुनी वायर ठेवून शेजारी नवी टाकावी असं आधी मनात होतं. तो पत्रा बघितल्यावर दोन्ही बदलल्या: बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलंच. गाडी चालू असताना करंट अल्टरनेटर पुरवतो, परत त्यालाच जायचं असतं, आणि ती परतीची वाट याच वायरींतून जाते. तिसरी, अल्टरनेटर ते बॅटरीच्या पॉझिटिव्हची, अजून बदललेली नाही. ती बदलताना तिला स्वतःचा फ्यूज लावायचा आहे.

एक सूचना, नव्या गाड्या असणाऱ्यांना. बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर चौकोनी सेन्सर असेल, तर जादा अर्थ पोलला लावू नका, बॉडीला लावा. नाहीतर तो करंट सेन्सरला चुकवून जातो आणि गाडीचा चार्जिंगचा हिशेब बिघडतो.

रीडिंग: पुढचा पत्रा ते बॅटरीचा निगेटिव्ह ०.०३. एकूण ०.०८.

आता शिट्टी फक्त आवाज पूर्ण वर नेला की, तीही दबकी. शेवटचा धागा डॅशबोर्डमागे निघाला: डेकची काळी वायर सिगारेट लायटरच्या वायरीला पिळून टेप लावलेली. ती सोडवून डॅशच्या आतल्या लोखंडी दांडीला, खरवडून, लग लावून जोडली. अर्ध्या तासाचं काम. इंजिन चालू, रेस दिली, कान स्पीकरला लावला: काही नाही. ॲम्पचा गेनही (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) तेव्हाच बराच खाली आणला, इतके दिवस आवाज कमी वाटतो म्हणून तो चढवून ठेवला होता.

रिकाम्या वेळेत एक गोष्ट तपासून घ्या: ॲम्पचा अर्थ ढिला तर नाही ना. तो तुटला की ॲम्पचा करंट आरसीएच्या जाळीतून डेककडे परतायला बघतो, आणि डेकच्या आतली केसाएवढी वाट जळते. नुसत्या शिट्टीपेक्षा हे नुकसान फार मोठं.

सप्टेंबर, गणपती विसर्जनानंतरचा रविवार

अख्खा पावसाळा गाडी उघड्यावर होती. तोच टोन, तेच ३० अँपिअर, बाबा पुढे. ॲम्प ते बॅटरी: ०.०९. डिकीतला बोल्ट उघडला, लगखालचा पत्रा मे महिन्यात होता तसाच चकचकीत. बॅटरीखालच्या बोल्टच्या डोक्यावर मात्र गंजाचा एक ठिपका, तिथे ग्रीस नीट पोचलेलं नव्हतं. घासला, रेड ऑक्साइड लावलं, या वेळी बोटाने सगळीकडून ग्रीस भरलं आणि बोल्ट परत आवळला. रीडिंग ०.०८.