मक्याचं वाण एकट्यानं जपता येत नाही

मक्याचं एखादं जुनं वाण कुणाला सापडलं की आधी फोटो येतो. विटकरी, जांभळे, ठिपक्याठिपक्यांचे दाणे आणि कणीस उन्हात धरलेलं. मला मनापासून आनंद होतो. पण माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कणसं किती मिळाली? आणि लगेच दुसरा: ज्यांनी दिली, त्यांच्याकडे अजून शिल्लक आहेत ना?

कारण एका कणसात ते वाण मावत नाही. टोमॅटो किंवा घेवडा बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतो, त्यामुळे चार-सहा झाडांवरही वाण पुढं नेता येतं. मक्याचा तुरा शेंड्याला, कणीस मध्यावर, आणि कारभार सगळा वाऱ्याच्या हातात. सकाळी दव सुकलं की तुऱ्यातून पिवळी भुकटी झडायला लागते, ती बहुतेक शेजारच्या ताटांवरच जाऊन पडते. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याचा. ज्या केसाला पराग मिळाला नाही, तिथं दाणा भरत नाही. म्हणजे एकाच कणसातल्या दाण्यांची आई एक, पण बाप अनेक. मक्याचं वाण असं अख्ख्या वस्तीत वाटलेलं असतं. कुणी लवकर पिकतं, कुणी पाण्याचा ताण सोसतं, कुणी वाऱ्यात उभं राहतं.

म्हणून दहा-बारा ताटांवर बी धरलं तर वाण दोन-तीन पिढ्यांतच खालावायला लागतं. ताटं खुजी होतात, कणसं लहान, दाणे विरळ. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज शल यांनी 1908 मध्ये हेच दाखवून दिलं होतं: मका स्वतःशीच फळवत नेला की कमजोर होतो आणि अशा दोन वेगळ्या वंशांचा संकर केला की पुन्हा जोमानं उठतो. संकरित बियाण्याचा सगळा व्यवसाय या निरीक्षणावर उभा राहिला. आपण बी धरणाऱ्यांनी त्यातला पहिला भाग लक्षात ठेवायचा. दोनशे ताटं असली तर उत्तम, शंभराच्या खाली जाऊ नये.

निवड करतानाही हेच भान लागतं. सगळ्यात मोठं, देखणं कणीस उचलायचं आणि त्याचंच बी ठेवायचं, हा मोह फार जबर असतो. मी शंभर कणसं मांडते आणि प्रत्येकातले सारखेच दाणे घेते, साधारण वीस-वीस. रोगट, बुरशी लागलेली बाजूला काढते. बुटकं पण घट्ट भरलेलं, वेडंवाकडं पण लवकर पिकलेलं कणीस मात्र आत राहतं. वीस वर्षांनी कुठला गुण कामाला येईल ते आज मी कोण ठरवणार? 1970 मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक संकरित मक्याच्या पेशींत एकच मातृवारसा होता. पानांवरच्या करप्याचा एक प्रकार नेमका त्यालाच धरणारा निघाला आणि देशातलं सुमारे 15 टक्के पीक गेलं.

आता भेसळ. पांढऱ्या मक्यावर पिवळ्याचा पराग पडला तर त्याच हंगामात, त्याच कणसात पिवळे दाणे दिसतात. वेचून टाकले की झालं. लाल सालीच्या वाणाचं दुखणं वेगळं आहे. दाण्याची साल पूर्णपणे आईच्या ताटाची असते, बाप कुणीही असो, बाहेरून दाणा लालच. मी असे काही दाणे रात्रभर भिजवते आणि नखानं साल सोलते. ओली साल कागदासारखी सुटते आणि खालचा रंग उघडा पडतो. सगळे पांढरे निघाले तर जीव भांड्यात पडतो. मधेच एखादा लोण्यासारखा पिवळा दिसला की समजायचं, पलीकडच्या शेतातून पाहुणा येऊन गेला. मग दुसऱ्या मक्यापासून निदान दोनशे मीटर अंतर ठेवा, जमलं तर त्याच्या दुप्पट. तेही शक्य नसेल तर पेरणी तीन-चार आठवडे मागंपुढं करा, म्हणजे तुरे एका वेळी येणार नाहीत. जागा अगदीच कमी असेल तर केस बाहेर पडायच्या आत कणसाला कागदी पिशवी चढवायची आणि अनेक तुऱ्यांचा पराग एकत्र करून हातानं लावायचा. वेळखाऊ काम आहे, पण मला ते फार आवडतं.

साठवणीचं थोडक्यात सांगते. दाणा हातोडीखाली चेपला तर अजून ओला, फुटून तुकडे झाले तर सुकला. पूर्ण सुकल्यावरच हवाबंद बरणीत भरून थंडीत ठेवा. सोंडे असतील तर फ्रीजरमध्ये काही दिवस ठेवा, आणि बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका. नाहीतर दाण्यांवर पाणी धरतं.

अमेरिकेतल्या पॉनी या मूळनिवासी लोकांची हकीकत मी प्रत्येकाला सांगते. 1870 च्या दशकात त्यांना नेब्रास्कातून ओक्लाहोमात हलवलं गेलं. सोबत नेलेला मका तिथल्या मातीत नीट रुजेना आणि काही वाणांचे मोजके दाणेच उरले. पांढऱ्या दाण्यावर पंख पसरलेल्या गरुडासारखी गडद खूण असलेलं एक वाण त्यातच होतं. या शतकाच्या सुरुवातीला नेब्रास्कातल्या बागायतदारांनी त्यांच्यासोबत ते बी जुन्या भूमीत पुन्हा लावलं आणि ते वाढलं. बी एकाकडे, जमीन दुसऱ्याकडे, आणि पीक पुन्हा मूळ मालकांच्या हाती.

त्यामुळे कुणी माझ्याकडे बी मागितलं तर मी मूठभर देत नाही. निदान दोनशे दाणे, अनेक कणसांतले, मिसळलेले. सोबत चिठ्ठी: वाणाचं नाव, आधी कुणी सांभाळलं, कापणीचं वर्ष, आसपास कुठला मका होता. आणि एक अट. पीक आलं की त्यातलं थोडं बी परत पाठवायचं, म्हणजे ते माझ्या बियाण्यात मिसळता येतं. ज्याच्याकडे साठच ताटांची जागा आहे, त्याला मी तशीच छोटी जागा असलेल्या आणखी दोघा-तिघांशी जोडून देते. सगळ्यांनी एकच बी पेरायचं आणि कापणीनंतर एकत्र करून वाटून घ्यायचं. पुढच्या हंगामासाठी अशी आणखी माणसं हवी आहेत.