कूलरला पेंचचं पाणी कशाला पाजायचं?

नागपुरात नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, भांडणाचा विषय एकच, पाणी. त्यातलं निम्मं भांडण पिण्याच्या पाण्याचं नसतंच, कूलरच्या पाण्याचं असते. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे पटत नाही, पण ४५ डिग्रीच्या कोरड्या हवेत मोठा डेझर्ट कूलर दिवसरात्र चालला तर शंभर-दीडशे लिटर पाणी सहज पितो. आता घरात दोन कूलर धरा अन् गल्लीत तीस घरं धरा, करा हिशोब! म्हणजे पेंच नदीवरून एवढ्या लांब आणलेलं, शुद्ध करून क्लोरीन मारलेलं पाणी आपण ताटीवर, म्हणजे कूलरच्या गवताच्या जाळीवर, सोडून हवेत उडवून राहिलो, आणि वरून कोणी नळाचं पाणी ओढायला टिल्लू पंप लावला म्हणून शेजाऱ्याशी भांडून राहिलो.

२०१९ च्या जुलैत पेंचवरचं तोतलाडोह धरण आटलं, शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा कुठे लोकांना ओपन स्पेसच्या कोपऱ्यातली विहीर आठवली. लेआउट पडायच्या आधी इथे शेत होतं, त्या शेताची ही विहीर. तिचं पार कचराघर केलं होतं आपणच, निर्माल्य काय, फुटक्या कुंड्या काय, एक अख्खी सायकल निघाली राजेहो! वर्गणी जमा केली ती भिशीवाल्या काकूंनी, पुरुष मंडळी नुसती मीटिंगा घेत होती. गाळ उपसला, वरून जाळी बसवली, मोटर टाकली आणि नियम ठरवला की हे पाणी प्यायचं नाही, कूलर, झाडं, गाड्या आणि फरशी एवढ्यालाच.

पण नुसता उपसा करून कसं चालेल, म्हणून विहिरीला लागून असलेल्या घरांच्या गच्च्यांचं पाणी पाइपने तिच्यात सोडलं. याचा हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. हजार स्क्वेअर फुटांची गच्ची म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, नागपूरचा वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, थोडं इकडेतिकडे वाया गेलं तरी एका घरामागे ७० हजार लिटरच्या वर. फिल्टर म्हणजे काही रॉकेट नाही, प्लास्टिकचा ड्रम, खाली मोठी गिट्टी, मग बारीक गिट्टी, वर रेती. पहिले एक-दोन पाऊस मात्र बाहेर सोडायचे, गच्चीवरची धूळ अन् कबुतरांची घाण विहिरीत नको. आणि रेती दरवर्षी धुवायची, हे काम कोणाचं यावर दरवर्षी चर्चा होते.

सगळीकडे हे असंच जमेल असं मी म्हणत नाही. शहराच्या पश्चिमेला काळा बेसॉल्ट, पूर्वेला वेगळाच जुना खडक, पाणी मुरतं ते वरच्या मुरमातून आणि दगडाच्या भेगांतून. एका विहिरीला लागू पडलं ते चार गल्ल्या सोडून पडेलच असं नाही. शिवाय विहिरीचं पाणी जड, ताटीवर पांढरे क्षार बसतात, महिनाभरात ताटी कडक होते. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा कूलरची टाकी पूर्ण रिकामी करायची, घासायची. तशीही करायलाच पाहिजे, पावसाळ्यात तिथेच डेंग्यूचे डास होतात.

दुसरी बाजू २३ सप्टेंबर २०२३ ला दिसली. रात्रीतून काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरात पाणी. आमच्याकडे तलावाचं पाणी यायचा प्रश्न नाही, तरी कितीतरी घरांच्या अंगणात घोटाभर पाणी होतं, कारण सिमेंट रोड घरांपेक्षा उंच झालेत. रोड उंच, अंगणात टाइल्स, झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट, पाणी जाईल कुठं? त्यानंतर काही जणांनी अंगणातल्या अर्ध्या टाइल्स काढल्या, बाकीच्यांना चिखल होतो म्हणून नको आहे. पार्किंगची गाडी खराब होते ना बाप्पा! रोडकडेच्या कडुनिंबांभोवतीचं सिमेंट फोडायचं मात्र सगळ्यांना पटलं, तेवढं पोट्ट्यांनी रविवारी करून टाकलं.

गच्चीला चुना मारणं हा उन्हाळ्यावरचा आणखी एक उपाय. पांढरी गच्ची ऊन परत फेकते, स्लॅब कमी तापतो, वरच्या मजल्यावर रात्री फरक कळतो. पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो, पण स्वस्त आहे आणि घरचे लोकच मारू शकतात. सोलरवाल्यांनी पॅनलच्या खाली मारायची गरज नाही, तिथे तशीही सावली असते.

सध्याचा वाद आहे विहिरीच्या मोटरच्या लाइट बिलाचा. आतापर्यंत सगळे सारखे पैसे देत होते. माझं म्हणणं आहे की घरामागे कूलर मोजा आणि त्या हिशोबाने वर्गणी घ्या. तेव्हापासून समोरचे काकाजी माझ्याशी बोलत नाहीत, त्यांच्याकडे चार कूलर आहेत.