जुना इन्क्युबेटर घेताना पेटी बघा, वायरिंगचा विचार सोडा

कोंबडीची अंडी उबवायच्या जुन्या इन्क्युबेटरमध्ये पैसे मोजावेत अशी एकच वस्तू असते, ती म्हणजे पेटी. दुहेरी भिंतीची, सागवानी, आत भुसा भरलेली पेटी आज नव्याने करून घ्यायची तर सुतार सांगेल तो आकडा ऐकून माणूस गप्प बसतो. बाकी तापवणारी कॉइल, वायर, तापमान राखणारा थर्मोस्टॅट, मोटर हे सगळं बदलायचंच आहे असं धरून भाव करा. विकणारा ‘चालू आहे’ म्हणाला म्हणून चार पैसे जास्त देऊ नका. बल्ब पेटणं आणि तापमान एकवीस दिवस टिकणं यात फार फरक आहे.

पेटी तपासताना तळ आधी बघा. पाण्याचा ट्रे वर्षानुवर्षं त्याच जागी असतो, त्यामुळे लाकूड कुजतं ते तिथूनच. बोटाने ठोका: भद्द आवाज आला तर आत वाळवी किंवा ओला भुसा. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसात ठेवलेल्या पेटीत हे हमखास सापडतं. मग आतली फळी काढा, भुसा फेका, दोन इंच थर्माकोल भरा आणि तळाला पत्रा मारा, नाहीतर उंदीर थर्माकोल पोखरून आत घर करतात. दाराला कागदाची पट्टी अडकवून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली की त्या जागी फेल्ट किंवा रबर पट्टी नवी हवी. हीटरमागे राखाडी, ठिसूळ पत्र्यासारखा बोर्ड दिसला तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. घासू नका, छिद्रं पाडू नका. जुना रंगही कोरडा खरवडू नका, त्यात शिसं असू शकतं. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा.

कापडी आवरणाची वायर दिसली की मुळापासून काढा. आतलं रबर तडकून तांबं उघडं पडलेलं असतं, आणि दमट पेटीत करंट बसायला तेवढं पुरे. अर्थिंग पेटीच्या प्रत्येक धातूच्या भागाला द्या. परदेशी मशीन ११० व्होल्टचं असेल तर त्याची कॉइल २३० व्होल्टला थेट जोडली की चौपटीहून जास्त वॅट खेचते आणि जळते. एकसारख्या दोन कॉइल असतील तर त्या एकामागोमाग जोडून काम भागतं. नाहीतर नवी कॉइल टाका. दुहेरी भिंतीच्या, दोनेकशे अंड्यांच्या पेटीला साधारण २०० वॅट पुरतात. मल्टिमीटरवर अशी कॉइल २६५ ओहमच्या आसपास दाखवते.

आता थर्मोस्टॅट. जुन्या मशीनमध्ये पितळी चकतीसारखी, ईथर भरलेली डबी असते. १८८१ सालच्या, इंग्लंडच्या चार्ल्स हर्सनच्या मशीनपासून हीच युक्ती चालत आली आहे. आतलं ईथर तापलं की डबी फुगते आणि स्विच दाबून हीटर बंद करते. डबी चांगली आहे का हे बघायला ती ४० अंशांच्या कोमट पाण्यात धरा. मिनिटाभरात फुगली पाहिजे. नाही फुगली किंवा ईथरचा वास आला, तर ती गळते, फेकून द्या. समुद्रसपाटीला ईथर ३४.६ अंशांना उकळतं. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून गोव्याहून किंवा मुंबईहून आणलेल्या मशीनचा हीटर इथे लवकर बंद व्हायला लागतो. लोक डबी बदलतात, प्रत्यक्षात स्क्रू फिरवून नव्याने लावायची असते.

माझं मत असं की चांगली डबी फेकू नये आणि तिच्यावर भरवसाही ठेवू नये. मुख्य काम एसटीसी-१००० सारख्या डिजिटल कंट्रोलरला द्या आणि डबीचा स्विच हीटरच्या वायरीत मालिकेत जोडून ३९ अंशांना लावा. स्वस्त कंट्रोलरच्या आतला स्विच (रिले) चिकटून बसतो, हीटर चालूच राहतो, आणि सकाळी ट्रेमध्ये उकडलेली अंडी. डबी हे वाचवते. कंट्रोलरचा आकडा एखाद्या अंशाने चुकीचा असू शकतो. त्यासाठी त्याचा सेन्सर आणि ताप बघायचा पारा-थर्मामीटर एकाच कोमट पाण्यात धरून जुळवा. पंखा हीटरबरोबर चालू-बंद होऊ देऊ नका, सतत फिरू द्या. पंखा असलेल्या पेटीत ३७.५ ते ३७.८ अंश. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.९, कारण वर आणि खाली हवेत फरक असतो. अंड्यांचा ट्रे फिरवणाऱ्या मोटरच्या गिअरचा एखादा दात झिजला असेल तर तो भाग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर करून मिळतो. ट्रे दोन्ही बाजूंना ४५ अंश कलला पाहिजे, अठराव्या दिवसापर्यंतच.

दमटपणा हे आपल्या भागात सगळ्यात जास्त चुकणारं काम. पहिले १८ दिवस ५०-५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५-७०. पण बाहेर ९५ टक्के आहे म्हणून पाण्याचा ट्रे कोरडा ठेवायचा, हे चुकीचं. खानापूरची २४ अंशांची ओली हवा पेटीत ३७.७ ला तापली की तिचा दमटपणा ४३ टक्क्यांवर येतो. थोडं पाणी लागतंच. उलट कोरड्या अथणीकडे मार्चमध्ये ३५ अंश आणि २० टक्के असेल तर आत १७ टक्केच भरतो, आणि एक मोठा ट्रे पुरत नाही. पाण्याची खोली वाढवून उपयोग नाही, पृष्ठभाग वाढवा. ओल्या बत्तीचं, म्हणजे टोकाला ओली कापडी वात गुंडाळलेलं थर्मामीटर कोरड्याशेजारी ठेवलं तर आकडा पक्का कळतो: कोरडं ३७.७, ओलं २९.४ म्हणजे ५४ टक्के, ओलं ३२.२ म्हणजे ६८. बत्तीला बोअरचं पाणी घालू नका, क्षार जमले की वाचन खोटं येतं. डिस्टिल्ड वापरा.

खरी परीक्षा वजनाची. गावठी ४५ ग्रॅमची ३० अंडी लावली तर वजन १३५० ग्रॅम, अठराव्या दिवशी साधारण १६२ ग्रॅमने कमी व्हायला हवं. फार कमी घटलं तर पाणी कमी करा, जास्त घटलं तर वाढवा. पिल्लं चोचीने कवच फोडून आतच मेली तर हवेची भोकं बुजवली नाहीत ना बघा. ओल टिकावी म्हणून चिंधी कोंबणारे बरेच आहेत. नाळ ओली ठेवून पिल्लं लवकर निघाली तर तापमान जास्त, एक-दोन दिवस उशीर झाला तर कमी.

वीज गेली तर दार उघडू नका, जाड पेटी काही तास उष्णता धरते. अपवाद शेवटच्या दिवसांचा: मशीन भरलेलं असेल तर अंडी स्वतःच उष्णता सोडतात, पंखा बंद पडला की वरचा ट्रे तापतो. तेव्हा दार बोटभर उघडा आणि पंख्याला तरी इन्व्हर्टरवर घ्या.