तुम्ही विचारलंत म्हणून: 'करण्यात आले' कुणी केलं?

शोधनिबंध लिहिते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "तुम्ही लोक साधं का लिहीत नाही? 'आम्ही मोजलं' म्हणायचं सोडून 'मापन करण्यात आले' कशाला?"

सवय, हे अर्धं उत्तर. न्यूटनने १६७२ साली प्रकाश आणि रंगांवर लिहिलं तेव्हा तो सरळ 'मी' म्हणतो: मी लोलक मिळवला, खोलीत अंधार केला. पुढे 'मी' वाक्यातून निघून गेला. १९७५ साली तर गंमतच झाली. जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याच्या निबंधात सगळीकडे 'आम्ही' लिहिलं होतं. एकट्याचं 'आम्ही' नियतकालिकाला चालणार नाही असं कळलं, आणि सगळं पुन्हा टाइप करायचं जिवावर आलं. मग त्याने घरचं मांजरच सहलेखक केलं. 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये ते एफ. डी. सी. विलार्ड या नावाने छापूनही आलं!

'असे सूचित होते' यालाही लोक हसतात. तिथे मात्र मी भांडेन. चाळीस उंदरांत सूज उतरली, तर 'औषध गुणकारी आहे' हे वाक्य सोपं असेल, पण खोटं आहे.

राहिलेलं अर्धं उत्तर माझ्याच पहिल्या निबंधात आहे. मी लिहिलं होतं, 'नमुने योग्य तापमानाला साठवण्यात आले.' गाईड मॅडमनी 'योग्य'भोवती पेन्सिलीने गोल काढला.

"योग्य म्हणजे किती?"

"४ अंश."

"सगळे?"

मी गप्प. दोन नमुने फ्रिजमध्ये ठेवायचे राहिले होते, रात्रभर टेबलावरच. ठेवायचे होते मीच. खोटं लिहायचं माझ्या मनातही नव्हतं. 'योग्य' हा शब्द फक्त सोयीचा वाटला, आणि भारदस्तही. तेव्हापासून दुसऱ्यांचे निबंध तपासताना 'योग्य', 'पुरेसा', 'आवश्यक ती काळजी' दिसलं की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. तिथे बहुतेक वेळा काहीतरी निघतंच.

ते वाक्य शेवटी असं छापलं गेलं: 'नमुने ४ अंश सेल्सिअसला साठवण्यात आले, दोन नमुने रात्रभर खोलीच्या तापमानाला राहिल्याने वगळण्यात आले.' 'करण्यात आले'ची जात तीच. मॅडमनी तिला हातही लावला नाही.