घरातला ‘तू’ आणि सभेतले ‘आपण’

माझा चुलतभाऊ आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. सकाळी चहा पिताना ज्याला मी “दादा, तू पाण्याच्या टाकीचं काय केलंस?” असे विचारतो, त्यालाच संध्याकाळी वार्षिक सभेत “सचिव महोदय, आपण टाकीच्या दुरुस्तीबाबत काय कार्यवाही केली?” असे विचारताना माझा आवाजही नकळत बदलतो. त्याचे उत्तरही तसेच येते: “याबाबत सभासदांना यथावकाश कळविण्यात येईल.” सकाळी तो “विसरलोच रे” म्हणाला होता! ‘विसरलो’मध्ये कर्ता उघडा पडतो, ‘कळविण्यात येईल’मध्ये तो सोयीस्करपणे नाहीसा होतो, आणि औपचारिक मराठीचा हा गुण मला फारसा आवडत नाही.

‘आपण’ची मौज वेगळीच आहे, कारण सभेत तो समोरच्याला मान देतो, तर घरी “आपण जेवू या” म्हणताना सर्वांना एकत्र घेतो.

मराठीच्या 1962च्या लेखननियमांनीही बोलण्यातल्या आणि औपचारिक भाषेतला हा भेद मानला आहे: पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ चालते, एरवी ‘असे केले’ लिहायचे. मात्र सभेत बोलतानाही काही सभासद ‘केले’, ‘सांगितले’ असे स्पष्ट एकारान्त उच्चार करतात, तेव्हा ते बोलत नसून इतिवृत्त वाचत आहेत असेच वाटते.